ठाणे ते नागपूर: विमानाला नेमका किती वेळ धरायचा?

कासारवडवलीची_लेक: नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात मावसबहिणीच्या लग्नाला मी आणि आई नागपूरला जातोय. आई ६८ वर्षांची, गुडघे दुखतात. एका ठिकाणी मुंबई-नागपूर विमानाला सव्वा तास लिहिलंय, तिकिटावर दीड तासाच्या वर. खरं काय धरू? दोघींचं जाऊन-येऊन बजेट १२ हजार.

निळं_आभाळ: दोन्ही खरं आहे. हवाई अंतर साधारण ६८५ किमी, तेवढं उडायला सव्वा तास पुरतो. तिकिटावरचा वेळ मात्र विमान इथल्या जागेवरून हलल्यापासून तिथे जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते आणि विमानांची रांग लागते. त्यात हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून. जाताना मागून रेटतो, येताना समोरून अडवतो. परतीला जास्त वेळ धरा.

समृद्धी_१२०: विमान कशाला? समृद्धी महामार्गाने जा. भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंत ७०१ किमी, जून २०२५ पासून पूर्ण रस्ता खुला आहे. आम्ही पहाटे निघून दुपारचं जेवण नागपुरात घेतलं! इगतपुरीजवळचा बोगदाच जवळपास आठ किमीचा आहे. एकदा बघाच.

पाचपाखाडी_काका: त्याच रस्त्यावर आमचा टायर कारंजा गावाच्या पुढे फुटला. भर उन्हात तापलेलं काँक्रीट, जुने टायर. मदत येईपर्यंत सावलीला एक झाड नव्हतं. आईंना गाडीने नेऊ नका.

समृद्धी_१२०: काका, टायरमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरलं होतं का?

पाचपाखाडी_काका: नायट्रोजनचा काय संबंध? टायर जुने होते, लिहिलंय वर.

ऐरोली_सेक्टर_आठ: नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालाय. नागपूरचं विमान सोयीच्या वेळेला मिळालं तर तिथूनच घ्या. आम्ही घरातून आरामात पोचतो.

माजिवडा_नाका: तुम्ही ऐरोलीचे, त्या घोडबंदरच्या! कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्येच जीव जातो. देशांतर्गत विमानाचा काउंटर तासभर आधी बंद होतो, तेव्हा चार तास आधी घर सोडा. टर्मिनल एक की दोन, ते तिकिटावर बघून घ्या. आमच्या मेव्हण्यांना कॅबवाल्याने भलत्याच टर्मिनलला सोडलं होतं.

धंतोली_ते_ठाणे: ताई, विमानच करा. सोनेगावचा विमानतळ शहरातच आहे, उतरलं की अर्ध्या तासात घर. आईसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, पैसे लागत नाहीत. बजेट १८ करा, लग्नसराई आहे. ट्रेनचं नावही काढू नका, ८३७ किमी रात्रभर खडखडत.

निळं_आभाळ: व्हीलचेअरचं मीही सांगणार होतो. नक्की नोंदवा.

कासारवडवलीची_लेक: सगळ्यांचे आभार. हिशेब मांडला. चार तास आधी निघायचं, दीड तास उडायचं, वर सामानाची वाट बघायची, म्हणजे अख्खा दिवस जातो आणि आईला दोनदा रांगेत उभं राहावं लागतं. म्हणून विदर्भ एक्सप्रेसचं थर्ड एसी काढलं, जायचं आणि यायचं दोन्ही. ठाण्यालाच चढायचं, आई रात्रभर आडवी, सकाळी नागपूर. ज्येष्ठांच्या कोट्यात तिला खालचा बर्थ मिळालाय. उरलेल्या पैशांत आहेराची साडी येईल.

माजिवडा_नाका: मग डबा कुठे लागतो ते आधी बघून तिथेच उभ्या राहा. ठाण्याला गाडी जेमतेम थांबते, आईंना फलाटावर धावायला लावू नका.