नवीन ऑफिस जॉब, घरी आल्यावर काहीच होत नाही माझ्याच्याने. सवय व्हायला किती दिवस लागतात?

चित्रवेडी:
तीन आठवडे झाले जॉईन होऊन. याआधी वर्षभर घरूनच फ्रीलान्सिंग करत होते त्यामुळे उठायची झोपायची वेळ माझी मीच ठरवायचे, आता ९ ते ६ एका जागी बसायचं. काम अवघड नाहीये खरं तर, माणसंही चांगली आहेत, पण संध्याकाळी घरी आले की अंगात त्राण नसतं, पलंगावर पडते ती तशीच. आणि गंमत म्हणजे रात्री झोप येत नाही, १ वाजेपर्यंत मोबाईल बघत बसते कारण झोपलं की डोळे उघडताच परत ऑफिस असं वाटतं. शनिवार रविवार ११ पर्यंत झोपते तरी सोमवारी डोकं जड. आधी रोज चित्रं काढायचे, तीन आठवड्यांत ब्रशला हात लावलेला नाही, त्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतंय. आई म्हणते होईल सवय. पण कधी?

जुनाखेळाडू:
सगळ्यात आधी, आपण आळशी आहोत, हे मनातून काढून टाका. नवीन ठिकाणी साधी गोष्टसुद्धा डोकं वापरून करावी लागते, कुठली फाईल कुठे, मेल कोणाला टाकायचा, सीसीत कोणाला ठेवायचं, मीटिंगमध्ये बोलायचं की गप्प बसायचं. जुन्या माणसाचं हे सगळं आपोआप होतं, तुमचं प्रत्येक वेळी विचार करून होतंय, दमणारच ना. मी पहिले दोन महिने एक छोटी वही ठेवली होती, जे विचारलं ते लगेच लिहायचं, म्हणजे तेच परत विचारायची लाज नाही आणि लक्षात ठेवायचं ओझं पण नाही. निघायच्या आधी पाच मिनिटं उद्याची कामं त्याच वहीत लिहून ठेवायचो. तेव्हापासून ऑफिस डोक्यात घेऊन घरी जाणं बऱ्यापैकी थांबलं.

पहाटवारा:
सोमवारचं डोकं जड होण्याचं कारण तुम्हीच लिहिलंय, ११ वाजेपर्यंतची झोप. कामाच्या दिवशी ७ ला आणि सुट्टीत ११ ला उठलं की उठायची वेळ चार तास मागेपुढे होते आणि शरीराचं घड्याळ गोंधळतं, विमानाने दुसऱ्या देशात जाऊन आल्यासारखं. याला सोशल जेटलॅग म्हणतात, टिल रोएनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हा शब्द वापरला. सुट्टीला फार तर तासभर उशिरा उठा, झोप कमी पडली असेल तर दुपारी २० मिनिटं पडा. सकाळी उठल्यावर लगेच उजेडात जा, बाल्कनी गच्ची काहीही चालेल, त्याने घड्याळ लवकरच्या बाजूला सरकतं. आणि कॉफी दुपारनंतर बंद, निम्मं कॅफीन शरीरातून जायलाच साधारण ५ तास लागतात, ४ ची कॉफी रात्री ९ ला अर्धी शिल्लक असते.

चित्रवेडी:
बापरे, मी ५ ला घेते रोज 😟 कारण त्या वेळी डोळेच मिटतात.

पहाटवारा:
मग त्या वेळी उठून जिना चढून उतरून या. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो त्यामुळेही डोळे चुरचुरतात, अधूनमधून खिडकीबाहेर लांब बघत जा.

कागदीहोडी:
वरचं सगळं बरोबर आहे पण मला चित्रांबद्दल बोलायचंय, कारण माझं गाणं असंच सुटलं होतं आणि परत धरायला फार वेळ गेला. झोप सुधारेल मग काढीन असं म्हणू नका प्लीज. रात्री १ पर्यंत मोबाईल धरून बसता ना, ते दिवसातलं काहीतरी स्वतःचं हवं म्हणूनच, निदान माझं तरी तसंच होतं. घरी आल्यावर पलंगाकडे जाऊच नका, आधी कपडे बदलून टेबलापाशी १० मिनिटं. पेन्सिल पण चालेल, चांगलं नाही आलं तरी चालेल. आणि किती दिवस विचारलंत म्हणून, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर अभ्यास झाला होता, रोजची एक साधी सवय अंगवळणी पडायला मध्यम आकडा ६६ दिवस आला, पण कोणाला १८ तर कोणाला २५४ असा अंदाज होता. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हेही त्यातच दिसलं. तीन आठवड्यांत जमलं नाही म्हणून घाबरू नका हो.

चित्रवेडी:
हे वाचून रडूच आलं, थँक्यू सगळ्यांना. आज बसमधून उतरल्यावर सरळ टेबलापाशी गेले, खिडकीतल्या कुंडीचं पेन्सिल स्केच केलं, १० मिनिटांची २५ कधी झाली कळलंच नाही. मोबाईल आता दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावलाय. रविवारी ८ चा अलार्म लावते, बघू उठवतंय का.