अनुभव धागा : युद्धातून तगलेल्या पोलिश आया

माझ्या सासूबाई गेल्या हिवाळ्यात गेल्या. त्या पोलिश होत्या, पण ब्रॅडफर्डमधली आमची मराठी मंडळी त्यांना ‘कोल्हापूरच्या’ म्हणायची आणि त्यांनाही ते फार आवडायचं. पोलंडमधून आलेली, युद्ध भोगलेली आई, सासू, आजी किंवा शेजारीण तुम्ही जवळून पाहिली असेल तर कृपया इथे लिहा. ही माणसं आता संपत चालली आहेत. सुरुवात मी करते.

सप्टेंबर १९३९ मध्ये पूर्व पोलंड सोव्हिएत रशियाने घेतला. १० फेब्रुवारी १९४० ला पहाटे सासूबाईंच्या दारात शिपाई आले. सामान बांधायला अर्धा तास. त्यांच्या आईने पीठ, पिसांची दुलई आणि कुऱ्हाड घेतली. मालगाडीने अर्खांगेल्स्कच्या जंगलात नेलं. तिथे लाकूडतोड, आणि कामाच्या मापाने पाव. हिटलरने रशियावर चाल केल्यावर १९४१ मध्ये करार होऊन पोलिश कैद्यांची सुटका झाली. मग ही सगळी दक्षिणेकडे निघाली. उझबेकिस्तानात टायफसने वडील गेले. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराण, पुढे कराची, आणि शेवटी कोल्हापूरजवळचं वळिवडे. तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, दवाखाना सगळं होतं. धाकटा भाऊ मात्र कोल्हापुरातच वारला.

१९४८ मध्ये त्या इंग्लंडला आल्या आणि लोकरीच्या गिरणीत लागल्या. तिघं मुलं त्या पगारावर शिकली. रशियातल्या त्या दिवसांबद्दल विचारलं की त्या उठून ओटा पुसायला लागत. नवा पाव कापण्याआधी मात्र सुरीच्या टोकाने त्यावर क्रूस काढायच्या, आणि तुकडा खाली पडला तर उचलून त्याचा मुका घ्यायच्या. माझी मुलं ताटात टाकायला अजून कचरतात ती त्यांच्यामुळे.

मी सांगलीची. पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारलं होतं, ‘पंचगंगेला अजून तसाच पूर येतो का गं?’

कोल्हापूरहून

ताई, वाचून राहवलं नाही. माझे आजोबा त्या कॅम्पात दूध घालायचे. ते सांगायचे, बहुतेक बराकींत बाप्या माणूसच नव्हता, नवरे आणि थोरली पोरं जनरल अँडर्सच्या पोलिश फौजेत. मे १९४४ मध्ये ही फौज इटलीत मोन्ते कासिनोच्या लढाईत उतरली. त्या दिवसांत कुणाच्या दारात कागद आला की ओळीतल्या सगळ्या बायका तिथे जमायच्या. दुसऱ्या दिवशी तीच बाई भांडं घेऊन दुधाला उभी. आजोबांना याचं फार वाटायचं. ‘पोरं उपाशी ठिवून रडत बसली न्हाईत त्या बाया,’ म्हणायचे.

गांधीनगरहून (कोल्हापूरजवळचं, पूर्वीचा वळिवडे कॅम्प)

पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकी फाळणीत आलेल्या सिंधी कुटुंबांना मिळाल्या. आमची आजी त्यातलीच. आजी म्हणायची, आपल्याआधी इथे जी राहिली तीही घर सोडूनच आलेली, म्हणून या भिंतींना नावं ठेवायची नाहीत.

शिकागोहून

माझा अनुभव वेगळा आहे. विद्यार्थी असताना ज्यांच्या तळघरात भाड्याने राहिलो त्या आजी वळिवड्याच्या नव्हेत. त्यांना जर्मनांनी वेठबिगारीला नेलं होतं, शेतावर. छातीवर ‘पी’ अक्षराचा बिल्ला शिवावा लागे, पोलिश माणूस लांबून ओळखू यावा म्हणून. युद्ध संपल्यावर काही वर्षं निर्वासितांच्या छावणीत काढून त्या अमेरिकेत आल्या. रात्री कार्यालयांच्या फरशा पुसून त्यांनी हे घर घेतलं.

स्वयंपाकघरात त्यांचा दरारा होता. बटाटा-चीजचं सारण भरून पिएरोगी करायच्या. मला कडा मुडपायला बसवलं तेव्हा आईच्या करंज्या आठवल्या. कड नीट मिटली नाही तर पुन्हा करायला लावत. २४ डिसेंबरला रात्री टेबलावर एक ताट जास्तीचं, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. घरापासून दूर असलेला मी त्या वर्षी त्याच ताटावर जेवलो. आजींना मुलगा नव्हता. त्यांच्या अंत्यविधीला खांदा द्यायला मी होतो, याचं मला समाधान आहे.

ब्रॅडफर्डहून, पुन्हा

कोल्हापूरच्या दादा, तुमचे आजोबा माझ्या सासूबाईंच्या दारातही गेले असतील हो! त्यांच्या भावाची कबर शोधायची आहे. पुढच्या मे महिन्यात आम्ही दोघं येतोय.

कोल्हापूरहून

नक्की या. पोलिश लोकांच्या कबरी इथे आहेत, महावीर उद्यानात त्यांचं स्मारकही आहे. मुलाचं नाव आणि वर्ष तेवढं कळवा, मी आधी जाऊन बघून ठेवतो. अक्षरं पुसट असली तर कागद ठेवून पेन्सिल घासतो, वाचता येतात. आणि उतरायचं आमच्याकडेच, हॉटेल बघू नका.