मदत हवी आहे: सोसायटीच्या तळ्यात पावसाळ्यात पाणी किती ठेवावं?

नमस्कार मंडळी,

कात्रजच्या डोंगराखाली आमच्या चार सोसायट्यांचं मिळून एक तळं आहे. मूळचा जुना पाझर तलाव. बिल्डरने बांध डागडुजी करून सांडवा बांधला, डोंगरावरचं आणि रस्त्यांवरचं पावसाचं पाणी त्यात वळवलं आणि माहितीपत्रकावर 'लेक व्ह्यू' छापून मोकळा झाला. तळ्याचं खरं काम पाणी अडवून नाल्यात हळूहळू सोडणं, हे आम्हाला ताबा मिळाल्यावर तीन वर्षांनी नकाशे चाळताना कळलं. आमचा नाला आंबील ओढ्याला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री या ओढ्याच्या पुराने अरण्येश्वर आणि टांगेवाला कॉलनीत काय झालं, ते पुणेकरांना सांगायला नको.

एक गट म्हणतो, मे अखेर तळं कोरडं करा. दुसरा म्हणतो, पाण्याला हात लावाल तर याद राखा, पक्षी घरटी करतात. सेक्रेटरी मी, त्यामुळे दोन्हीकडचे फोन मलाच.

गेल्या वर्षी आम्ही शहाणपणा केला. तळं भरलेलं ठेवलं आणि जुलैत ऑरेंज अलर्ट आला तेव्हा तळाचा व्हॉल्व उघडला. दीड दिवसात पाच फूट पाणी उतरलं. पाणकोंबड्यांच्या घरट्यांपर्यंत कुत्री चालत गेली. बांधाचं आतल्या बाजूचं दगडी अस्तर एका ठिकाणी घसरलं. वर व्हॉल्वमध्ये प्लास्टिक अडकलं, तो बंदच होईना. पाऊस मात्र आला तो रिमझिम.

माहिती: तळं अडीच एकर, सांडव्याच्या पातळीला खोली ३ मीटर, पाणलोट साधारण १०० एकर, तळाशी ६०० मिमीचा पाईप. पक्षी सांभाळून किती रिकामं ठेवावं? आणि अलर्ट आला की रात्री छत्री घेऊन धावणं कसं टाळायचं?

---

बांधावरचा

पाटबंधारे खात्यात उभी नोकरी गेली, म्हणून लिहितो.

एक हेक्टरवर एक मिमी पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. तुमचा पाणलोट ४० हेक्टर. तासाभरात ६० मिमी कोसळला तर २४,००० घनमीटर. काँक्रीट आणि डोंगर मिळून त्यातलं ६० टक्के वाहून येईल असं धरा, म्हणजे १४,४००. त्या तासात पाईपातून दोन-अडीच हजार निघून जाईल. उरलेल्या १२,००० ला जागा हवी. तळ्याचं क्षेत्र १ हेक्टर, म्हणजे वरचा सव्वा मीटर रिकामा पाहिजे. खालचं पावणेदोन मीटर पाणी खुशाल ठेवा. कोरडं करायचं काही कारण नाही. हा ढोबळ हिशेब आहे, खरा गाळाची मोजणी केल्यावरच कळेल. तुमचे ३ मीटर नकाशातले असणार!

अस्तर का घसरलं? पाणी झपाट्याने उतरतं तेव्हा भरावातलं पाणी तितक्या वेगाने बाहेर पडत नाही. आतली माती ओली, जड राहते आणि समोरचा पाण्याचा आधार गेलेला असतो.

व्हॉल्वच्या भरवशावर राहू नका. पाईपाच्या तोंडाशी उभं चेंबर बांधा आणि पावणेदोन मीटरवर त्याला उघडं तोंड ठेवा. त्यावर पाणी चढलं की आपोआप निघून जाईल, माणूस लागणार नाही. ऑक्टोबरच्या मध्यानंतर त्या तोंडात फळ्या घाला. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बर्गे घालतात तसंच. नंतरच्या सरी आणि डोंगराचा पाझर साठेल, पण तळं काठोकाठ भरेलच असं नाही. मे महिन्यात एकेक फळी काढायची. तळाचा व्हॉल्व फक्त गाळ काढण्यापुरता.

बांधावर पिंपळ-उंबर उगवले असतील तर लहान असतानाच काढा, मुळांच्या वाटेने पाणी झिरपतं. खेकड्यांची बिळंही बघा. तिवरे धरण फुटल्याचं खापर खेकड्यांवर फोडलं गेलं, तेव्हापासून त्यांचं नाव काढलं की लोक हसतात, पण बीळ दिसलं तर बुजवावंच.

---

टिबुकली

वरच्या हिशेबाशी पक्ष्यांचं भांडण नाही. त्यांना तळं काठोकाठ भरलेलं नको, पातळी स्थिर हवी. टिबुकलीचं घरटं तरंगतं. पाणी बेताने चढलं तर तेही चढतं, उतरलं तर चिखलात बसतं आणि अंडी उघड्यावर पडतात. म्हणून पाणी उतरवायचं ते जून लागायच्या आत, नंतर नाही. ढगफुटीसारख्या पावसात काही घरटी बुडतीलच. बऱ्याचदा ती परत बांधतात.

गाळ काढाल तेव्हा मध्ये एक छोटं बेट सोडा, माथा सांडव्याच्या वर. थोडी साठवण जाईल, पण कुत्र्यांचा प्रश्न मिटेल. पाणकणीस (काठच्या उथळ पाण्यातलं उंच गवत) एका वर्षी निम्मंच कापा, तेही नोव्हेंबरनंतर. जलपर्णी मात्र दिसेल तेव्हा उपटा, तिच्यावर दया नको.

---

धागाकर्ता

दोघांचे आभार. मापं प्रिंट काढून रविवारच्या मीटिंगला नेतो. बेटाला खजिनदार अडवतील, चेंबरला नाही. एक राहिलं: चेंबरच्या तोंडावर जाळी उभी लावायची की तिरकी?

---

बांधावरचा

तिरकी. कचरा पाण्याबरोबर वर सरकतो, खालचा भाग मोकळा राहतो. आणि साफ करणाऱ्याला काठावरून पोचता येईल अशी ठेवा. भर पावसात कुणाला पाण्यात उतरवू नका.