भरलेली दुनळी दाराआड? अजिबात नाही

मांजराकाठ: "दुनळी बंदूक भरून दाराआड टेकवा, रात्री डुक्कर आलं की कुलूप कोण शोधत बसणार," हा सल्ला कालपासून फिरायलाय. बाहेर घोडा (बार उडवणारी हातोडी) असलेल्या जुन्या बंदुकीत तो काडतुसावर टेकलेला असला, तर ती पडल्यावर नुसत्या टोल्यानं बार उडतो. घोडा बाहेर न दिसणाऱ्या, म्हणजे बिनघोड्याच्या, बऱ्याच बंदुकांत सेफ्टी फक्त ट्रिगर अडवते, आतला घोडा नाही. आधी उघडा, काडतुसाची दोन्ही घरं डोळ्यानं आणि बोटानं तपासा. मग पुढचं लाकूड काढून नळ्या सोडवा, मिनिटाचं काम. काडतुसं वेगळ्या कुलपात. आणि डुकरासाठी वनखात्याची परवानगी वेगळी लागते, बंदुकीच्या परवान्यात ती येत नाही.

गोदाकाठचा: वा! चोराला म्हणायचं, थांब रे, नळ्या जोडू दे. २०१९ला कायद्यानं एका माणसाच्या बंदुका तिनाच्या दोन केल्या, इलेक्शन आलं की ठाण्यात जमा करा, आता कुलपंही मोजा. शेतवस्तीवर राहून बघा एकदा.

मांजराकाठ: शस्त्र नियम २०१६प्रमाणे अर्जासोबत सुरक्षित ठेवण्याची हमी कुणी लिहून दिली? शेजाऱ्यानं?

बालाघाटी: खोलून ठेवा, पण कशात? घरगुती कपाटाचा पत्रा पहारीपुढं टिकत नाही, आणि पहार कशाला, अख्खं कपाटच उचलून नेतात. भिंतीला १० मिमीचे चार फास्टनर (आवळल्यावर भोकात फुगणारे बोल्ट) मारा.

माळवदवाला: कोणत्या भिंतीला, अण्णा? दगडमातीच्या? फास्टनर फुगतो तो मातीत जागा करायला, हातानं ओढला तरी येतो. सिमेंटची घरं बघून सल्ले द्यायलेत सगळे. जमिनीत बसवा. दीड फूट लांब-रुंद, फूटभर खोल खड्डा, १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, त्यात चार जे-बोल्ट, म्हणजे खालून आकड्यासारखे वाकवलेले. कपाटाचा तळ आधी टेकवून भोकांच्या खुणा घ्या, नाहीतर बोल्ट इकडं आणि भोकं तिकडं. सात दिवस पाणी मारा. नट आतूनच आवळा, बाहेर ठेवले तर चोराला पाना तेवढा आणायचा राहतो.

बालाघाटी: आणि भाड्याच्या घरात? मालक फरशी फोडू देईल?

माळवदवाला: मग परवानाधारक डीलरकडं ठेवा. मातीच्या भिंतीत बोल्ट मारण्यापेक्षा बरं.

बालाघाटी: बरं बाबा, इंजिनिअर तुम्हीच.

गोदाकाठचा: खड्ड्यातून वर आला असाल तर ऐका. खोलून ठेवणं मान्य, एवढं रडायलात तर. चावी मात्र देवघरातच राहणार.

मांजराकाठ: परवाना एकट्याच्या नावावर, चावी सगळ्या घराला? शस्त्र कायद्याचं कलम ३ वाचा. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला दुसऱ्यानं न्यायची तरी परवानाधारक समोर हवा, नाहीतर त्याचं लेखी अधिकारपत्र. आणि कपाटात चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं, नळीवर गंजाचे ठिपके येतात. तेलाचा पातळ हात, सोबत सिलिका जेल, ओल शोषणारे निळे दाणे.

गोदाकाठचा: टँकरच्या गावात ओल! ऐकावं ते नवलच.

मांजराकाठ: भादव्यात त्या निळ्या दाण्यांकडं बघा. गुलाबी झाले असले तर स्वयंपाकाला न वापरायच्या भांड्यात मंद आचेवर तापवा. निळे झाले की परत कपाटात.