मदत हवी आहे: 'रूट्स' जुनी दाखवू की नवी?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटात गुलामांच्या व्यापारावर बोलायचंय, म्हणून १९७७ची 'रूट्स' ही अमेरिकन टीव्ही मालिका पुन्हा बघायला घेतली. 'टोबी' हे नाव स्वीकार म्हणून आफ्रिकेतून पकडून आणलेल्या नायकाला, कुंटा किंटेला, चाबकाने फोडतात. शेवटी तो ते नाव कसंबसं पुटपुटतो. तिथे मला टीव्ही बंद करावा लागला. पण त्याला आणणाऱ्या गुलामवाहू जहाजाचा कप्तान मात्र पापभीरू, मनातून कुढणारा दाखवलाय, ते फार खटकतं. हा धंदा माणसांना माल म्हणून वहीत मांडून, थंड डोक्याने चालायचा.

२०१६ची नवी मालिका कोणी पाहिली आहे का? जहाजाच्या तळातला, साखळदंडांतला प्रवास त्यात कसा आलाय? आणि 'मिडल पॅसेज'ला, म्हणजे आफ्रिकेतून अमेरिकेकडे गुलामांना नेण्याच्या त्या समुद्रप्रवासाला, मराठीत काय म्हणावं?