ओआर११ए१ चं विकतचं प्रोटीन, जिओस्मिन टाकलं तरी काहीच होत नाहीये

मातीचा_वास:
नमस्कार मंडळी, पुण्यात पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काम जिओस्मिनवर, म्हणजे पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो ना, त्यातला मुख्य रेणू, स्ट्रेप्टोमायसिस बॅक्टेरिया बनवतात तो. २०२४ मध्ये जर्मनीत म्युनिकजवळच्या लायबनिझ संस्थेतल्या ग्रुपने दाखवलं की माणसाच्या नाकात तो ओआर११ए१ या रिसेप्टरला (वासाचा रेणू पकडणाऱ्या प्रोटीनला) लागतो. ते वाचून गाइडच्या मागे लागून ह्युमन ओआर११ए१ चं रिकॉम्बिनंट प्रोटीन मागवलं, १० मायक्रोग्रॅम, डाटाशीटवर लिहिलंय फुल लेंथ, व्हीट जर्ममध्ये (पेशींशिवाय, गव्हाच्या अंकुराच्या अर्कात) बनवलेलं, जीएसटी टॅग (शेपटीसारखं जोडलेलं दुसरं प्रोटीन). जिओस्मिन घालून ट्रिप्टोफॅनचा फ्लुरोसन्स (रेणू चिकटला तर प्रोटीनची ही चमक बदलायला हवी) तीनदा घेतला, ढिम्म फरक नाही. जेलवर टॅग धरून ६० किलोडाल्टनच्या आसपास बँड यायला हवा, तर सगळं वेलच्या (सॅम्पल भरायच्या खाचेच्या) तोंडाशीच अडकून बसलंय, काळी रेघ नुसती. प्रोटीन खराब आलंय का? जेमतेम ४ मायक्रोग्रॅम उरलंय आणि ग्रँटमधून परत मागवायला तोंड नाही, कृपया सांगा.

सात_वेटोळी:
आधी एक सांग, सॅम्पल ९५ डिग्रीला उकळलंस का? उकळलं असशील तर ती रेघ त्याचीच. हे प्रोटीन सात वेळा मेम्ब्रेनच्या (पेशीच्या पडद्याच्या) आरपार जाणारं, बहुतेक भाग तेलकट, उकळलं की एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो आणि तो जेलमध्ये शिरतच नाही. लोडिंग बफर घालून ३७ ला अर्धा तास ठेव, बास.

पण बाइंडिंगचं दुखणं वेगळं आहे. व्हीट जर्म एक्स्ट्रॅक्टमध्ये अमिनो ॲसिडची साखळी पूर्ण तयार होते म्हणून फुल लेंथ लिहितात, ते खोटं नाही, पण मेम्ब्रेनच नाही तर त्या सात वेटोळ्यांनी नीट बसायचं कुठे? आणि वास धरणारा खळगा नीट घडी पडल्यावरच होतो. तुझ्या डाटाशीटवर उपयोगात एलायझा, वेस्टर्न असंच काहीतरी असणार, बघ. अँटिबॉडी तपासायला हे चांगलं आहे, वास घ्यायला नाही.

रात्रपाळी_इन्क्युबेटर:
वरच्यांशी सहमत. मी सहा वर्षं हेच करतोय म्हणून जरा लांबण लावतो. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये या जीन्स शोधल्या, २००४ मध्ये नोबेलही मिळालं, पण मधल्या काळात लोक हे रिसेप्टर हेक पेशींत (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या मूत्रपिंडाच्या पेशी) घालायचे आणि ते पेशीच्या आत, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्येच अडकून पडायचे, पृष्ठभागावर यायलाच तयार नाहीत. मग २००४ मध्येच ड्यूक विद्यापीठात मात्सुनामींच्या लॅबने आरटीपी१, आरटीपी२ आणि रीप१ ही मदतनीस प्रोटीन्स शोधली, नाकाच्या चेतापेशींत असतात आणि रिसेप्टरला वर आणून पोचवतात. ती आधीच घातलेली हाना३ए नावाची पेशी मिळते, ती कोणाकडून तरी माग. रिसेप्टरच्या पुढे ऱ्होडॉप्सिनची पहिली २० अमिनो ॲसिड जोडलेलं प्लाझ्मिड (जीन पेशीत नेणारा डीएनएचा गोल तुकडा) घे, सोबत आरटीपी१एस (आरटीपी१ चंच आखूड रूप) आणि सीआरई-ल्युसिफरेज (उजेड पाडणारं जीन). रिसेप्टर जागा झाला की सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो आणि ल्युमिनोमीटरवर उजेड दिसतो.

आता जिथे मी स्वतः तीन महिने घालवले ते ऐक. वासाचे रेणू उडतात, प्लेटच्या एका वेलमधला शेजारच्या वेलमध्ये जातो, माझा कोरा कंट्रोलच चमकत होता आणि मी ट्रान्सफेक्शनला (पेशींत प्लाझ्मिड घालण्याला) दोष देत बसलेलो. जास्त डोसचे वेल कंट्रोलपासून लांब ठेव, मध्ये रांग रिकामी सोड, वरून सील लाव. स्टॉक डीएमएसओमध्ये, दरवेळी ताजं पातळ करायचं. आणि नुसतं रिकामं प्लाझ्मिड घातलेल्या पेशींनाही जिओस्मिन दे, नाहीतर तो उजेड रिसेप्टरचाच हे सांगता येणार नाही.

सात_वेटोळी:
+१, आणि पॉझिटिव्ह कंट्रोलला ओआर५१ई२ घे, त्याला लागणारा रेणू (लिगंड) प्रोपिओनेट. तो नाकाबाहेर प्रोस्टेटमध्येही सापडतो आणि पेशींत बऱ्यापैकी वर येतो, म्हणून तर २०२३ मध्ये माणसाच्या वासाच्या रिसेप्टरची पहिली क्रायो-ईएम (गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने बघितलेली) रचना त्याचीच आली, तीसुद्धा स्थिर राहावा म्हणून मिनी जी प्रोटीन जोडून. शुद्ध प्रोटीन होतच नाही असं नाही हं, एमआयटीत ओआर१७-४ हेक पेशींतून काढलं होतं, पण योग्य डिटर्जंट सापडेपर्यंत जीव जातो. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात त्या वाटेला जाऊ नकोस.

मातीचा_वास:
खूप खूप आभार दोघांचे! काल न उकळता अर्धा मायक्रोग्रॅम चालवलं, ६० च्या जरा खाली स्वच्छ बँड आला, म्हणजे प्रोटीन बरोबर होतं, माझीच पद्धत चुकली. उरलेलं आता वेस्टर्नच्या कंट्रोलला जपून ठेवते. गाइडशी बोलले, हाना३ए साठी आज ईमेल टाकतेय. एकच राहिलं, रिकामी रांग सोडायची तर तिच्यात नुसतं मीडियम भरायचं की कोरडीच ठेवायची?

रात्रपाळी_इन्क्युबेटर:
मी मीडियम भरतो, कडेचे वेलपण, म्हणजे बाष्पीभवन सगळीकडे एकसारखं राहतं.