१२वीनंतर पायलट : आधी काय करायचं? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

ए-३०२ : शेजारच्या पोरीला पायलट व्हायचंय. घरचे फ्लाइंग स्कूलचा ॲडव्हान्स भरायला निघालेत. माहीतगारांनी सांगा.

सी-१०४ : ताई, त्यांना थांबवा. पैसे नंतर, मेडिकल आधी. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) यादीतल्या डॉक्टरांकडे क्लास २ मेडिकल, आणि लगोलग क्लास १. त्याशिवाय कमर्शियल लायसन्स मिळत नाही. चष्मा चालतो, पण रंग ओळखता आले नाहीत तर सगळंच अडतं. हिमोग्लोबिन आत्ताच तपासा. कमी निघालं तर 'तात्पुरतं अनफिट' शेरा पडतो आणि महिने वाया जातात.

बी-२०१ : बाईमाणसाला झेपेल का पण? खर्च केवढा!

डी-४०३ : भाऊ, सरला ठकराल यांनी १९३६ साली साडी नेसून जिप्सी मॉथ विमान उडवलं. झेपण्याचा प्रश्न तेव्हाच मिटला. खर्चाचं मात्र खरंय. फी एकरकमी देऊ नका, उड्डाणाच्या तासांप्रमाणे हप्ते पाडून मागा.

ए-३०२ : तिचं बायोलॉजी आहे, मॅथ्स नाही. उंची ५ फूट १.

सी-१०४ : मॅथ्स एनआयओएसमधून (सरकारी ओपन स्कूल) देता येतं. उंचीसाठी सेसनात (शिकायचं छोटं विमान) बसवून बघा. पाठीमागे उशी घेऊन रडरचं (शेपटीवरचं सुकाणू) पेडल शेवटपर्यंत दाबलं गेलं पाहिजे. सीट पुढे ओढली की पिन रेलवरच्या भोकात बसली का, ते अंग मागेपुढे रेटून बघायचं. टेकऑफला सीट मागे सरकली तर पाय पेडलवरून सुटतात आणि हातातलं कंट्रोलही मागे ओढलं जातं. ही सवय पहिल्या दिवसापासून हवी.

डी-४०३ : कमर्शियल लायसन्सला उड्डाणाचे २०० तास लागतात, त्यातले १०० पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असताना. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी हवा विरळ होते, इंजिनाची ताकद घटते, धावपट्टी जास्त लागते. म्हणून सकाळचे स्लॉट मागा. पावसाळ्यात विमान बरेचदा जमिनीवरच असतं; ते दिवस नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशनच्या पेपरांना द्या. पासिंग ७० टक्क्यांना आहे.

सी-१०४ : कॉम्प्युटर नंबरसाठी (डीजीसीएच्या पेपरांना बसायला लागणारा नंबर) मार्कशीटची पडताळणी लागते, आपली ती नाशिक बोर्डाकडून. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासपोर्टवर वडिलांचं नाव गायब, इथेच अर्ज परत येतात. उद्या संध्याकाळी तिन्ही कागद घेऊन तिला पाठवा ताई, शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून बघू.